चढ असलेली चॅरिटी दौड: तयारी, तपासण्या आणि धोक्याची लक्षणे

एखाद्या संस्थेसाठी निधी गोळा करत धावणे आता आपल्याकडे नवीन राहिलेले नाही. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाली. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी होणाऱ्या या दौडीत हजारो लोक युनायटेड वे मुंबईच्या माध्यमातून वेगवेगळ्या सामाजिक संस्थांसाठी देणग्या जमवतात. त्यांतले बरेच जण खेळाडू नसतात. कुणाची आई कर्करोगातून बरी झालेली असते, कुणाचे वडील हृदयविकाराने गेलेले असतात, कुणाला स्वतःला मधुमेह असतो. या लेखात अशा धावकांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी तयारीची माहिती दिली आहे. उदाहरण म्हणून मुंबईची दौड घेतली असली, तरी समुद्रकाठच्या आणि चढ असलेल्या कोणत्याही शर्यतीला ही माहिती लागू पडते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागातून शर्यतीसाठी खाली उतरणाऱ्यांसाठी काही मुद्दे वेगळे दिले आहेत.

थोडक्यात

• तयारीला किमान १६ आठवडे द्या. जानेवारीच्या दौडीसाठी सप्टेंबरअखेर सुरुवात करावी.
• ज्या आजारासाठी तुम्ही धावत आहात तो घरात कुणाला असेल, तर आधी स्वतःची तपासणी करून घ्या.
• चढावर घड्याळाकडे न बघता श्वासाकडे लक्ष द्या. चढ चालत पार करण्यात कमीपणा नाही.
• छातीत दाब, चक्कर, गोंधळल्यासारखे वाटणे किंवा पायांतली ताकद अचानक जाणे यांपैकी काहीही झाले तर तिथेच थांबा.

चढ आणि दमट हवा शरीराला कशा जड जातात?

मुंबईच्या हाफ मॅरेथॉनचे अंतर २१.०९७ किलोमीटर आहे. गेली अनेक वर्षे ती माहीमहून सुरू होऊन सागरी सेतू, वरळी, हाजी अली, पेडर रोड आणि मरीन ड्राइव्ह या मार्गाने जाते. पेडर रोड, म्हणजे गोपाळराव देशमुख मार्गाचा चढ जव्हारच्या घाटापुढे काहीच नाही. पण तो लागतो तेव्हा पाय आधीच थकलेले असतात आणि अंगातून बराच घाम गेलेला असतो. सपाट रस्त्यावर धरलेला वेग चढावरही तसाच ठेवला, तर हृदयाचे ठोके काही मिनिटांतच वर जातात. शर्यतीत हृदय बंद पडण्याच्या घटना शेवटच्या टप्प्यात जास्त आढळतात, त्यामुळे उशिरा येणारा चढ सांभाळूनच चढावा.

उताराचा त्रास वेगळा असतो. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराला आवरून धरतात. त्यात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणेही अवघड होते. सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये यवतेश्वरचा घाट चढून पुन्हा उतरायचा असतो. तिथे चढाइतकीच उताराची तयारी करावी लागते.

तिसरी अडचण हवेची. घाम वाळतो तेव्हा शरीर थंड होते. समुद्रकाठच्या दमट हवेत घाम नुसता गळतो, वाळत नाही, आणि आतली उष्णता आतच राहते. जव्हार सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. तिथल्या डिसेंबरच्या थंड, कोरड्या पहाटे जो वेग सहज जमतो, तो मुंबईत जमेलच असे नाही. शरीराला उष्णतेची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात. आदल्या रात्री मुंबईत मुक्काम केल्याने ती होत नाही. म्हणून शेवटच्या तीन आठवड्यांत आठवड्यातून दोन वेळा पहाटेऐवजी सकाळी नऊच्या सुमारास, कमी वेगाने, सोबत पाणी घेऊन धावावे. ज्यांना हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे किंवा जे सिकलसेल वाहक आहेत, त्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

ज्या आजारासाठी धावता, तो घरात आहे का?

हृदयविकाराने गेलेल्या वडिलांच्या आठवणीत मुलगा धावतो, तेव्हा त्याच्या स्वतःच्या हृदयाची तपासणी झालेली आहे का, हे सहसा कुणी विचारत नाही. मधुमेहाच्या संस्थेसाठी धावणाऱ्या मुलीची साखर कधी तपासलेली नसते. चॅरिटी दौडीत भाग घेणाऱ्यांमध्ये घरात तोच आजार असलेले लोक बरेच असतात, म्हणून पुढचे प्रश्न स्वतःला विचारा.

• चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब, जळजळ किंवा जबड्यात, डाव्या हातात दुखणे होते का?
• श्रम करताना कधी बेशुद्ध पडलात का?
• जवळच्या नातेवाइकांपैकी कुणी पन्नाशीच्या आत अचानक किंवा हृदयविकाराने गेले आहे का?
• इतरांच्या मानाने तुम्हाला फार लवकर धाप लागते का, किंवा छातीत धडधड होते का?
• रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट, मूत्रपिंड यांपैकी कशाचे औषध चालू आहे का?

एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, तर सराव सुरू करण्याआधी डॉक्टरांना भेटा. वय ३५ च्या पुढे असेल आणि आजवर बैठे काम केले असेल, तर सगळी उत्तरे ‘नाही’ असली तरी एकदा भेटावे. या वयानंतर धावताना हृदय बंद पडण्याचे मुख्य कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांमधील अडथळा हे असते. त्याहून तरुण वयात जन्मतः किंवा आनुवंशिकतेने आलेले हृदयाचे दोष जास्त आढळतात. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन आणि ईसीजी या प्राथमिक तपासण्या आहेत. स्ट्रेस टेस्ट किंवा टू-डी इको हवी का, हे डॉक्टर ठरवतील. साधा ईसीजी चांगला आला म्हणजे हृदयाला धोका नाही, असे समजू नये.

सिकलसेल आणि रक्तक्षय: पालघरच्या वाचकांसाठी

पालघर, नंदुरबार, गडचिरोली यांसारख्या आदिवासी भागांत सिकलसेलचे प्रमाण इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे. आईवडील दोघांकडूनही सिकलसेलचे जनुक आले तर एसएस, म्हणजे सिकलसेलचा आजार होतो. अशा रुग्णांनी शर्यतीत धावू नये. त्यांना किती आणि कोणता व्यायाम चालेल, हे त्यांचे डॉक्टर सांगतील.

एकाकडूनच जनुक आले तर ती व्यक्ती एएस, म्हणजे वाहक असते. वाहकाला रोजच्या जगण्यात काही त्रास जाणवत नाही, आणि म्हणूनच अनेकांना आपण वाहक आहोत हे माहीत नसते. वाहक धावू शकतात. मात्र उष्णता, पाण्याची कमतरता आणि दमछाक करणारे चढ हे तिन्ही एकत्र आले, तर काही वाहकांच्या लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा रक्तपुरवठा अडवतात. ही घटना विरळ आहे, पण जिवावर बेतू शकते. साध्या गोळ्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि खूप दुखतो. यात स्नायू हाताला मऊच लागतो, पण पाय लुळे पडल्यासारखे होतात आणि माणूस खाली बसतो. आजूबाजूच्यांना वाटते, दमला असेल. अशा वेळी त्याला पुन्हा उठवून धावायला लावणे धोक्याचे आहे. त्याला थांबवा, सावलीत न्या, अंग थंड करा आणि वैद्यकीय पथकाला ‘हा सिकलसेल वाहक आहे’ असे स्पष्ट सांगा.

वाहकांनी सराव हळूहळू वाढवावा, चढावर एकामागून एक वेगाच्या फेऱ्या मारू नयेत, दोन फेऱ्यांमध्ये श्वास पूर्ण शांत होऊ द्यावा आणि ताप किंवा जुलाब असताना धावू नये. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम जुलै २०२३ मध्ये सुरू झाली असून सरकारी आरोग्य केंद्रांत तपासणी मोफत होते. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात चौकशी करा. सोल्युबिलिटी ही पहिली तपासणी वाहक आणि आजारी यांतला फरक सांगत नाही. ती पॉझिटिव्ह आली तर इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही पुढची तपासणी करून घ्यावी.

हिमोग्लोबिनही याच वेळी बघून घ्या. स्त्रियांमध्ये १२ पेक्षा आणि पुरुषांमध्ये १३ पेक्षा कमी असेल तर त्याला रक्तक्षय म्हणतात. रक्तक्षयात तेवढाच प्राणवायू पोचवायला हृदयाला जास्त काम करावे लागते, आणि चढावर ते लगेच जाणवते. लोहाच्या गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढायला काही आठवडे ते महिने लागतात, म्हणून ही तपासणी डिसेंबरपर्यंत लांबवू नका.

१६ आठवड्यांचा सराव

हा आराखडा १० किलोमीटरच्या दौडीसाठी आहे. हाफ मॅरेथॉन धावायची असेल, तर आधी १० किलोमीटर त्रासाशिवाय जमले पाहिजेत. सुरुवात करण्यापूर्वी सलग ४० मिनिटे झपझप चालता यायला हवे.

पहिला ते चौथा आठवडा: आठवड्यातून चार दिवस. दोन मिनिटे हळू धावणे, दोन मिनिटे चालणे, असे ३० मिनिटे. धावता धावता पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. दोन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल तर वेग जास्त आहे.

पाचवा ते आठवा आठवडा: धावण्याचा वेळ थोडा थोडा वाढवा. आठवड्यातून एकदा सौम्य चढ घ्या. एक मिनिट वर, मग चालत खाली, असे चार वेळा. दुसऱ्या दिवशी विश्रांती. पिंडरी किंवा टाच दुखत असेल तर त्या आठवड्यात चढ टाळा.

नववा ते तेरावा आठवडा: आठवड्यातून एकदा लांबचे धावणे. त्यातला चढ मुद्दाम शेवटी ठेवा, कारण शर्यतीतही तो थकल्यावरच येतो. दर दोन आठवड्यांनी एकदा सावकाश उतार धावा. पायांना एकदा उताराची सवय झाली की पुढच्या वेळी दुखणे बरेच कमी होते.

चौदावा ते सोळावा आठवडा: अंतर कमी करत न्या. शेवटच्या आठवड्यात नेहमीच्या निम्म्याहून कमी धावा. राहिलेला सराव या दिवसांत भरून काढू नका.

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भातकापणी आणि झोडणी असते. दिवसभर वाकून कापणी केली असेल किंवा भारे वाहिले असतील, तर त्या दिवशी शरीराचा व्यायाम झालेला आहे, वेगळे धावायची गरज नाही. घाटवाटांवर वाढलेल्यांचे पाय आणि दम दोन्ही तयार असतात. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवले. पण त्यामागे अनेक वर्षांचा शिस्तीचा सराव होता. डोंगर चढायची सवय आहे म्हणून सराव न करता २१ किलोमीटर धावणे योग्य नाही.

चढताना पावले लहान टाका, नजर दहा-बारा पावले पुढे ठेवा, खांदे सैल सोडा. उतरताना लांब ढांगा टाकून टाचेवर ब्रेक लावू नका आणि गुडघे किंचित वाकलेले ठेवा. बूट किमान महिनाभर वापरलेले असावेत.

औषधे चालू असतील तर

• मधुमेह: इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांची साखर धावताना आणि त्यानंतर रात्री झोपेतही उतरू शकते. धावण्यापूर्वी साखर तपासा. ती ९० ते १०० च्या खाली असेल तर आधी केळे किंवा खजूर खा. २५० च्या वर असेल आणि बरे वाटत नसेल, किंवा लघवीत कीटोन असतील, तर धावू नका. खिशात ग्लुकोज ठेवा. डोस किती कमी करायचा, हे सरावाच्या काळातच डॉक्टरांसोबत ठरवा.
• रक्तदाब: १८०/११० किंवा त्याहून जास्त असेल तर धावू नका. मेटोप्रोलोलसारख्या औषधाने ठोके वाढत नाहीत, त्यामुळे घड्याळातला आकडा फसवतो. बोलता येते का, याच खुणेवर विसंबा. लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी पाणी आणि क्षार कमी होतात. त्या दिवशीच्या गोळीचे काय करायचे ते डॉक्टरांना विचारा, स्वतःहून बंद करू नका.
• दमा: डॉक्टरांनी सांगितलेला इनहेलर धावण्यापूर्वी १०-१५ मिनिटे घ्या आणि तो सोबत ठेवा.
• वेदनाशामक: दुखू नये म्हणून शर्यतीआधी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेऊ नका. घामाने पाणी कमी झालेले असताना या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात.
• ताप: फ्लू, डेंग्यू, मलेरिया किंवा कोणत्याही तापात धावू नका. विषाणूंमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलेली असेल, तर श्रमाने ठोक्यांची लय बिघडू शकते. पुन्हा कधी सुरू करायचे ते डॉक्टर ठरवतील.

हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी किंवा बायपास झालेल्यांनी हृदयरोगतज्ज्ञांच्या लेखी परवानगीशिवाय नाव नोंदवू नये. गरोदर स्त्रियांनी आपल्या स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावे.

खाणे आणि पाणी

शर्यतीच्या दिवशी कोणताही नवा पदार्थ खाऊ नका. सरावात जे पचले तेच खा. नागलीची किंवा तांदळाची भाकरी, केळे, गूळ-शेंगदाणे हे दोन-तीन तास आधी पुरेसे होते. महागडी पावडर लागत नाही.

पाणी कमी पडणे वाईट, तसेच पाण्याचा अतिरेकही वाईट. तहान नसताना प्रत्येक टेबलावर पाणी पीत गेल्यास रक्तातले सोडियम उतरते. डोके दुखते, उलटी होते, हात फुगतात, माणूस गोंधळतो. हळू धावणाऱ्यांना हा धोका जास्त असतो, कारण ते जास्त वेळ रस्त्यावर असतात. तहान लागेल तसे घोट घोट प्या. बहुतेकांना ताशी ४०० ते ८०० मिलिलिटर पुरते. सरावात धावण्याआधी आणि नंतर वजन करा. वजन वाढले असेल तर पाणी जास्त झाले. दोन टक्क्यांहून जास्त घटले असेल तर कमी पडले. तासाहून जास्त धावणार असाल तर ओआरएस किंवा मीठ-साखर-लिंबाचे पाणी चालेल. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मिठाबाबत डॉक्टरांचे ऐकावे.

लगेच थांबा, जर…

• छातीत दाब किंवा दुखणे, श्रमाच्या मानाने खूप जास्त धाप
• डोळ्यांपुढे अंधारी, तोल जाणे, वाकडेतिकडे धावणे
• प्रश्नाला भलतेच उत्तर, चिडचिड, ओळख न पटणे
• पायांतली ताकद अचानक जाणे
• अंगावर काटा, थरथर, उष्णता असूनही थंडी वाजणे

शर्यतीनंतर एक-दोन दिवसांत लघवी कोकाकोलासारखी गडद झाली, किंवा स्नायू सुजून हलवता येईनासे झाले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. स्नायूंचे घटक रक्तात उतरल्याची ती खूण असू शकते.

घरच्यांनी काय करावे?

धावणाऱ्याच्या बिबमागे नाव, आजार, औषधे, रक्तगट आणि तुमचा फोन नंबर लिहा. तुम्ही अंतिम रेषेजवळ थांबत असाल, तर पुढचा फरक लक्षात ठेवा.

शर्यत संपल्यावर थांबताच कुणी चक्कर येऊन बसले आणि नीट बोलत असेल, तर बहुधा रक्तदाब उतरलेला असतो. त्याला झोपवा, पाय उंच करा, आणि वैद्यकीय पथकाला दाखवा.

धावताना कोसळला, किंवा गोंधळलेला आहे आणि अंग तापलेले आहे, तर उष्माघात समजा. मदत बोलावतानाच त्याला थंड करायला लागा. कपडे सैल करा, अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवा. वैद्यकीय पथकाकडे बर्फाच्या पाण्याचा टब असेल तर तो सर्वांत चांगला उपाय. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

हाकेला प्रतिसाद नाही आणि श्वास चालत नाही किंवा आचके देत आहे, तर हृदय बंद पडले आहे. १०८ ला फोन करायला सांगा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहा. एईडी यंत्र आले की लगेच लावा.

देणगीचे ओझे

लोकांनी आपल्या नावावर पैसे दिले आहेत, मग माघार कशी घ्यायची, या विचाराने काही जण ताप असताना, छातीत दुखत असताना धावतात. दिलेली देणगी तुम्ही किती किलोमीटर धावलात यावर अवलंबून नसते, ती संस्थेला मिळालेली असते. तुम्ही हाफ ऐवजी कमी अंतराच्या ड्रीम रनमध्ये चाललात, मध्येच थांबलात किंवा त्या सकाळी घरीच राहिलात, तरी मदत पोचतेच. घरच्यांनी हे शर्यतीच्या आठवडाभर आधी मोकळेपणाने बोलून ठेवावे. अंतिम रेषेजवळ उभे राहून ‘थोडंच राहिलंय, पळ’ असे ओरडण्यापूर्वी समोरच्याचा चेहरा एकदा नीट पाहावा.

डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची यादी, जुने रिपोर्ट, सिकलसेल कार्ड असल्यास ते, आणि घरात कुणाला कोणत्या वयात कोणता आजार झाला याची नोंद सोबत न्या. शर्यतीचे अंतर, चढ कुठे येतो आणि सुरू होण्याची वेळ हेही सांगा. मार्गात दरवर्षी बदल होऊ शकतात, म्हणून त्या वर्षीचा नकाशा आधी पाहून ठेवा.

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. तुमच्या प्रकृतीनुसार निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील.